सतरा नंबरच्या पेटीतला मासा

पडदा वर जातो तेव्हा रंगमंच रिकामा आहे. जूनचा दुसरा शनिवार, सकाळचे साडेसहा. मागे खाडी, तिच्यावर अजून धुक्याची साय. डाव्या हाताला दगडी शस्त्रकोठी, तिचे लाल दरवाजे सताड उघडे. समोर हिरवळ आणि हिरवळीवर चुन्याने आखलेली एक लांब, सरळ रेघ. त्या रेघेवर हाताच्या अंतरावर चाळीस लाकडी पेट्या मांडलेल्या, प्रत्येकीवर पांढरा आकडा. कुठेतरी कुणीतरी जॉनीकेक भाजतंय, पांढऱ्या मक्याच्या धिरड्यांचा तो खरपूस वास सगळ्या ऱ्होड आयलंडमध्ये आमच्या अॅल्मी पॉइंटइतका चांगला कुठे येत नाही. मग बेकरीच्या गल्लीतून एक उंच, किडकिडीत माणूस येतो, काखेत फ्लॅनेलची गुंडाळी, ओठांत न पेटवलेला पाइप. तो पेट्यांच्या रांगेवरून चालत जातो, सतराव्या पेटीशी थांबतो, गुडघ्यावर बसतो आणि टोपी काढतो.

हा ऑरिन सिसन. धंद्याने नावं रंगवणारा. बंदरातल्या झाडून साऱ्या बोटींच्या पाठीवरची नावं त्याच्या हातची. पण गावाला तो ठाऊक होता कोठीवाला म्हणून. आमच्या गावची हार्बर गार्ड्स ही स्वयंसेवकांची पलटण. राज्याने दिलेली सनद कोठीत काचेमागे टांगलेली आहे, ती कुणाच्याही आजोबांपेक्षा म्हातारी. लढाईला जायचं काम पलटणीकडे केव्हाच उरलं नव्हतं. मासेमार, सुतार, शाळामास्तर, औषधवाला, असे चाळीसेकजण जूनमधल्या हजेरीच्या दिवशी जुना पोशाख चढवत, राज्यपालांच्या नावाने बंदुकीचे तीन बार काढत आणि मग शिंपल्यांची भजी खायला पांगत. त्या साऱ्यांचं सामान सांभाळायचं ते ऑरिनने. छातीवर फुली पडेल असे घालायचे पांढरे कातडी पट्टे, फुलीवर लावायचा पितळी अंडाकृती बिल्ला, काळी कातडी टोपी आणि तिचा तुरा, काडतूसपेटी, संगिनीचं म्यान, निळ्या रंगाचं लाकडी पाणपात्र, आणि बंदुकीचा कान, म्हणजे ठिणगी आत जायचं भोक, साफ करायची सुई आणि इवलासा ब्रश, साखळीला लटकवलेला. सुई हरवली तर ऑरिन असा बघायचा की त्यापेक्षा शिव्या बऱ्या.

बिल्ल्यावर राज्याचं चिन्ह, जहाजाचा नांगर. म्हणजे असायला हवा. आमच्या माणसांना घासायची भारी हौस. दीडशे वर्षं दरसाल विटकरीची पूड आणि गोडं तेल लावून त्यांनी ते बिल्ले इतक्या प्रेमाने घासले की नांगर झिजून गेले. एकोणचाळीस बिल्ल्यांवर नांगराच्या जागी नुसता पितळी गुळगुळीतपणा, चोखून संपत आलेल्या गोळीसारखा. त्याची कुणाला लाज नव्हती, उलट ज्याचा बिल्ला जास्त सपाट त्याचा बाप जास्त शिस्तीचा, असा हिशेब होता.

नांगर स्पष्ट होता तो एकाच बिल्ल्यावर, सतरा नंबरच्या पेटीत; तो नुसत्या फ्लॅनेलने पुसला जायचा.

ती पेटी जॉब विल्बरची. हा जॉब अठराशे एकसष्ट साली उत्तर-दक्षिणेच्या मोठ्या युद्धावर गेला. तिथे सरकारी सामान मिळणार होतं, म्हणून पलटणीचा पोशाख त्याने कोठीत ठेवला आणि त्या वेळच्या कोठीवाल्याला, म्हणजे ऑरिनच्या आजोबांना, म्हणाला, "आल्यावर घेतो." तो आला नाही. कुठे पडला, पडला का चालता झाला, ते कुणालाच कळलं नाही. पण माणूस "घेतो" म्हणून गेलाय तर पेटी दुसऱ्याला कशी द्यायची? तेव्हापासून पलटणीत माणसं एकोणचाळीस आणि पेट्या चाळीस. हजेरीच्या दिवशी रांगेत सतराव्या जागेवर माणूस नसतो, गवतावर जॉबचं सामान मांडलेलं असतं. कॅप्टन नाव पुकारतो, "जॉब विल्बर!" सोळावा माणूस उत्तर देतो, "रजेवर!" मग कॅप्टन विचारतो, "साहित्य कुणाचं?" आणि कोठीवाला पुढे येऊन म्हणतो, "जॉब विल्बरचं. ठेवलं तसं आहे."

एवढं एकच वाक्य. ऑरिनच्या आजोबांनी ते म्हटलं, बापाने म्हटलं, आणि बाप गेल्यावर वयाच्या तेविसाव्या वर्षापासून ऑरिनने. ज्या दिवशी ते खरेपणाने म्हणता येणार नाही त्या दिवशी कोठीवाल्याने कमरेची किल्ली काढून ढोलावर ठेवायची, असा पलटणीचा नियम होता. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. ऑरिनकडे आपलं म्हणावं असं होतं ते ही किल्ली आणि हे वाक्य.

माझी त्याची गाठ पडली ती एकोणीसशे अठ्ठावन्नच्या उन्हाळ्यात. जुन्या बर्फाच्या वखारीत आमच्या नाटक कंपनीचा मुक्काम होता. धमाल संगीतिका बसवली होती, तिच्यात बारा मुली सैनिक होऊन नाचतात. मी त्यातली तिसरी. पट्टे हवे होते. कोठीच्या माळ्यावर निवृत्त झालेले जुने पट्टे पडून होते, ते ऑरिनने आनंदाने काढून दिले, वर पांढरी माती कालवून स्वतः सफेद करून दिले. प्रश्न आला बिल्ल्यांचा.

आमची रंगमंचावरची सगळी खोटी दुनिया बनवायचा तो सेराफिम पाशेको, दिवसा प्रॉव्हिडन्सच्या एका दागिन्यांच्या कारखान्यात ओतकाम करायचा. साचा घ्यायला तो कोठीत गेला, मीही मागोमाग. त्याने एकेक बिल्ला उजेडात धरला आणि कपाळाला हात लावला.

"काका, या साबणाच्या वड्या आहेत का? नांगर कुठाय?"

"आहे. सवयीच्या डोळ्याला दिसतो," ऑरिन म्हणाला.

"माझ्या डोळ्याला सवय व्हायला दीडशे वर्षं नाहीत हो. पुढच्या बुधवारी पडदा आहे."

ऑरिनने तीन दिवस घेतले. चौथ्या दिवशी स्वतःच वखारीत आला, खिशातून फ्लॅनेलची पुरचुंडी काढून सेराफिमच्या हातावर ठेवली. "हा जॉबचा. आपल्या राज्याचा नांगर नाटकात चुकीचा दिसायला नको. सोमवारपर्यंत परत. आणि पाडू नकोस."

"काका, मी एकदा सुद्धा–"

"काल तू माझ्यासमोर कॉफीचा पेला पाडलास."

सेराफिमने काम मात्र मनापासून केलं. एक डझन बिल्ले खऱ्या पितळेत ओतले. "मागून खोटं असलं की पुढून पण खोटं दिसतं," असं म्हणून पाठीत जुन्या पद्धतीने शिसं भरलं. मग तेराही बिल्ले टेबलावर तोंडं वर करून मांडले आणि घासले. सोमवार उजाडला. तेरा जुळी भावंडं त्याच्याकडे बघत होती. त्याने त्यातला सगळ्यात चकचकीत उचलला, फ्लॅनेलमध्ये बांधला, आणि परत केला. ऑरिनने पुरचुंडी न सोडता पेटीत ठेवली. कारण सतरा नंबरच्या पेटीतलं सामान वर्षातून दोनदाच सोडून बघायचं, अकरा नोव्हेंबरला, म्हणजे माजी सैनिकांच्या दिवशी, आणि जूनच्या हजेरीआधी. साच्यासाठी एकदा मोडलेला नियम त्याला दुसऱ्यांदा मोडायचा नव्हता.

पहिल्या प्रयोगाला ऑरिन तिसऱ्या रांगेत बसला होता, कोट घालून. आमचं पहिलं गाणं रंगात आलं, प्रेक्षक टाळ्यांचा ठेका धरतायत, आणि हा माणूस उठून उभा.

"तिसरी मुलगी! डावा पट्टा वर! उजवा खाली!"

हशा पिकला. वाद्यवाले सुद्धा थांबले. मी तिथेच, सगळ्यांसमोर, पट्टे सोडले आणि पुन्हा बांधले. ऑरिनने नीट पाहून घेतलं, "हां, आता चालू द्या," म्हणाला आणि खाली बसला. त्या वेळी मला मिळालेली टाळी पुढे मोठ्या भूमिकांनासुद्धा मिळाली नाही. त्यानंतर तो मला नावाने, व्हिनी म्हणून, क्वचितच हाक मारायचा. मी त्याच्यासाठी "तिसरी".

मोसम संपला तेव्हा सेराफिमने बाराजणींना आपापला बिल्ला आठवण म्हणून देऊन टाकला. मी माझा उलटून पाहिला. पाठीवरच्या शिशात चाकूच्या टोकाने एक मासा कोरलेला होता. बोटाच्या पेराएवढा, पोट गोल, शेपटी जरा वाकडी. इतर मुलींच्या बिल्ल्यांना मासा नव्हता, मी हळूच पाहून घेतलं. चोवीस वर्षांच्या मुलीला आणखी काय लागतं? सेराफिमचे हात छान होते, बोलणं त्याहून छान. मासा त्याने खास माझ्यासाठीच कोरलाय, हे मी ठरवून टाकलं आणि गाडीत बसले.

हिवाळ्यात मी ओहायोत फिरत्या कंपनीबरोबर होते. पहिल्यांदाच जरा बरी भूमिका मिळाली होती. प्रवेशाआधी विंगेत उभी राहून कोटाच्या खिशातल्या बिल्ल्याच्या पाठीवर अंगठा फिरवायचे. मासा लागला की पाय थरथरायचे थांबायचे. डिसेंबरात एका गावच्या टपालात पोस्टकार्ड आलं. बोटींवर नावं रंगवणाऱ्याचं अक्षर, टपोरं, सावली दिलेलं.

"तिसरीस. बिल्ल्याच्या मागे मासा आहे का? जॉब विल्बरने कोरला होता. असल्यास कळव. थंडी जपून. ऑ. सिसन."

मी ते कार्ड दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचून मनातला सेराफिम गेला. दुसऱ्यांदा वाचून लक्षात आलं की आता बिल्लाही जाणार. त्या संध्याकाळी प्रयोग होता. मी उलट टपाली लिहिलं, "माझ्याला मासा नाही. सगळ्यांना नमस्कार."

तिकडे काय चाललं होतं ते मला नंतर सेराफिमने सांगितलं. अकरा नोव्हेंबरला ऑरिनने पेटी उघडली, पुरचुंडी सोडली, सवयीने अंगठा मागे फिरवला आणि अंगठा गुळगुळीत शिशावरून घसरला. तो तसाच प्रॉव्हिडन्सला गेला. मागचे ओरखडे सेराफिमने घाईत नीट पाहिलेच नव्हते; तो रडायच्या बेताला आला होता.

"काका, मी आत्ता मासा कोरून देतो. दोन मिनिटांचं काम. जॉबसुद्धा ओळखणार नाही."

"जॉब नाही ओळखणार रे. मी ओळखेन ना."

मग बारा पोस्टकार्डं. बारा उत्तरं आली, सगळी 'नाही' म्हणणारी. एकीने तर बिल्ला नवऱ्याच्या कुत्र्याच्या पट्ट्याला लावला होता, तरी तिने पाठ तपासून कळवलं. खोटं बोलणारी मी एकटी.

मे महिन्यात मी गावात परतले, नव्या मोसमाच्या तालमी होत्या. बिल्ला कोटाच्या खिशात. ऑरिनच्या दारावरून तीनदा गेले. एकदा त्याने वर पाहिलं, हातात ब्रश होता, एका बोटीवर नाव अर्धं झालं होतं. "आलीस? वाळलीस. खायला घालत नाहीत वाटतं तिकडे," एवढंच म्हणाला. मी हसले आणि पुढे गेले. आपण चांगले आहोत असं वाटत असताना माणूस किती वेळा नुसतं हसून पुढे जातो!

आता हा हजेरीचा दिवस, जिथे मी पडदा वर केला. धुकं उठलं. लोक घड्या घालायच्या खुर्च्या घेऊन आले. पुढच्या रांगेत मिस थँकफुल विल्बर बसली होती. जॉबच्या भावाची मुलगी, वय एक्क्याण्णव. काळी टोपी, पांढरे हातमोजे, मांडीवर काठी. दरवर्षी हजेरी संपली की ती उठायची आणि जॉबच्या बिल्ल्याला हातमोजा न काढता एक बोट लावायची. ज्या काकाला तिने कधी पाहिलं नव्हतं त्याची तिला तेवढीच ओळख. गावातले लोक तिला टरकून असत. चर्चमध्ये पाद्रीबाबांचं प्रवचन लांबलं की ती काठी आपटायची.

कॅप्टन ब्रेटन, म्हणजे आमचा औषधवाला, ऑरिनच्या कानाशी लागला. मी प्रेक्षकांसाठी बांधलेल्या दोरीजवळ उभी होते, ऐकू आलं.

"ऑरिन, ऐका. ओतलेला बिल्ला आहे ना? लावा तोच. उलटून कोण बघतंय?"

"कुणी नाही."

"मग? म्हातारी एक्क्याण्णव वर्षांची आहे. तिला काही झालं तर?"

"तिला काय होतंय! ती तुम्हाला पुरून उरेल, कॅप्टन."

"आणि किल्ली? तुमच्यानंतर कुणाला द्यायची ठरवलीय का? मला एक माणूस दाखवा जो ते ब्रश मोजेल!"

ऑरिनने पाइप खिशात ठेवला. "हजेरी घ्या. ऊन चढतंय."

ढोल वाजला. एकोणचाळीसजण रेघेवर उभे राहिले, तुरे वाऱ्यावर, सपाट बिल्ले उन्हात. सतराव्या जागेवर गवतावर पांढरं कापड, त्यावर टोपी, काडतूसपेटी, म्यान, पाणपात्र, सुई आणि ब्रश. पट्ट्यांची फुली नीट मांडलेली. फुलीच्या मध्यावर काही नाही. कातड्यात दोन भोकं आणि त्यांच्याभोवती एक फिकट अंडाकृती डाग.

लोकांना ते दिसलं. कुजबूज झाली आणि थांबली.

"जॉब विल्बर!"

"रजेवर!" सोळावा ओरडला. तो मासळीवाला होता, आवाज खणखणीत.

"साहित्य कुणाचं?" कॅप्टनचा आवाज मात्र बसला होता.

ऑरिन दोन पावलं पुढे आला. मी आयुष्यभर रंगमंचावर माणसं पाहिली. अवघड वाक्य आलं की कुणी हात उचलतो, कुणी श्वास ओढतो. हा माणूस नुसता उभा राहिला.

"जॉब विल्बरचं," तो म्हणाला. "बिल्ला सोडून. बिल्ला त्याचा होता, तो मी नाटकवाल्यांना साच्यासाठी दिला आणि परत घेताना उलटून पाहिला नाही. हरवला. चूक माझी, दुसऱ्या कुणाची नाही."

मग त्याने कमरेची किल्ली सोडली आणि ढोलावर ठेवली. कातड्यावर तिचा जेमतेम टप् असा आवाज झाला, पण तो हिरवळीच्या दुसऱ्या टोकापर्यंत ऐकू गेला असेल. ढोलवाला किल्लीकडे असा बघत होता जणू ती चावेल.

मिस विल्बर उठली. कॅप्टन धावला, तिने त्याला काठीने बाजूला केलं. चालत सतराव्या जागेपर्यंत गेली, वाकून त्या रिकाम्या फुलीकडे बराच वेळ पाहिलं.

"माझे वडील सांगायचे," ती मोठ्याने म्हणाली, तिला ऐकू कमी यायचं म्हणून ती सगळंच मोठ्याने बोलायची, "जॉबकडे एक गोष्ट टिकत नसे. दोन वल्ही हरवली. आईचं लग्नातलं घड्याळ हरवलं. चर्चला निघाला आणि बूट हरवून आला. बूट! पायातले!"

कुणीतरी मागे हसलं आणि लगेच खोकला आल्याचं नाटक केलं.

"नव्वद वर्षं मी हे चकचकीत सामान बघतेय. मला नेहमी वाटायचं, हा कोण टापटिपीचा माणूस? हा आमच्या घरचा नाही." तिने काठी त्या रिकाम्या जागेवर रोखली. "आज पहिल्यांदा जॉबचं वाटतंय." मग ती ऑरिनकडे वळली. "आता ती किल्ली उचल, ऑरिन. मी दिली असती, पण माझे गुडघे वाकत नाहीत, आणि या कॅप्टनच्या हातात मी पत्र्याचा चमचासुद्धा देणार नाही."

"नियम आहे, मिस विल्बर," ऑरिन म्हणाला.

"नियम कुणासाठी? सामान जॉबचं. जॉबच्या घरची आता मी एकटी. मी म्हणते उचल. उभं राहून माझी पाठ दुखतेय."

ऑरिनने किल्ली उचलली. बार झाले. तिसऱ्या बाराला नेहमीप्रमाणे दोन बंदुका उडाल्या नाहीत, आणि सगळे हुश्श करून भज्यांकडे वळले.

मी कोठीच्या मागच्या दाराशी गेले. तो दोरीवर पट्टे वाळत घालत होता, पाठमोरा. नाटकात अशा प्रवेशाला लेखक काहीतरी लिहून देतो. मी बिल्ला काढला आणि नुसता पुढे धरला.

त्याने हात फ्लॅनेलला पुसले, बिल्ला घेतला. पाहिला नाही. अंगठा मागे फिरवला. तो अंगठा थांबला ते मला दिसलं.

"मी खोटं लिहिलं होतं," मी म्हणाले.

"हो, ते दिसतंय."

"तुम्ही सगळ्यांसमोर... मी तिथेच होते. दोरीला टेकून."

"मी पाहिलं. कोटाच्या खिशात हात होता. उन्हात कोट घालून आलीस, म्हटलं आजारी आहे की काय पोरगी." त्याने बिल्ला उजेडात उलटला. "घासलास का याला?"

"नाही. नुसता... अंगठा फिरवायचे."

"बरं केलंस. मासा घासायचा नसतो. पुढून पुसायचं, मागून नाही." मग मला जवळ बोलावून दाखवलं. "हे बघ. नांगर सरळ असला की मासा पोटावर पोहतो, तोंड खाडीकडे. अंधारात, घाईत, पुढचं काही दिसलं नाही तरी मागून कळतं, कुठली बाजू वर. जॉब सगळं हरवायचा म्हणतात, पण पट्ट्यावर बिल्ला उलटा लावू नये एवढं त्याला कळत होतं. तुझ्यापेक्षा बरा."

मी रडायला लागले. त्याने मला फ्लॅनेल दिलं, विटकरीच्या पुडीचं. तोंड लाल झालं ते कितीतरी दिवस.

"जेवलीस का?" तो म्हणाला. "चल. भजी संपवतील ते लोक."

पलटणीला त्याने एवढंच सांगितलं, "सापडला." कॅप्टनने विचारलं, कुठे? "होता तिथेच." बारा जणींत कुणाकडे होता, ते कोणालाही, सेराफिमलाही, त्याने कधी सांगितलं नाही. मीच आज सांगतेय. त्या दिवशी त्याने पेटीतला ओतीव बिल्ला काढून माझ्या हातावर ठेवला. "खिशात काहीतरी लागतं ना तुला? हा घे. मासा नाही, पण पितळ चांगलं आहे." पुढे बारा वर्षं त्यावर अंगठा फिरवून मी रंगमंचावर गेले. पाय थरथरायचे. तरी जायचे.

मिस विल्बर आणखी सहा वर्षं जगली. बिल्ला परत जागेवर दिसला तेव्हा ती बोट लावून म्हणाली, "पुन्हा टापटीप! गेलं जॉबपण," पण बोट नेहमीपेक्षा जास्त वेळ तिथे ठेवलं.

एक्काहत्तर साली मी रंगभूमीला नमस्कार केला आणि बंदराजवळ दोन खोल्या घेतल्या. दर मे महिन्यात ऑरिनबरोबर कोठीत बसायचे. पांढरी माती किती पातळ कालवायची, तुऱ्याला वाफ कशी द्यायची, पाणपात्राचा निळा रंग कुठल्या डब्यातला, ब्रश आणि सुया कशा मोजायच्या, सगळं त्याने हाताने शिकवलं, तोंडाने टोमणे मारत. "नाटकात शिकवत नाहीत वाटतं दोरा ओवायला?" "तिसरी, हे पॉलिश आहे, पावडर नाही, हळू." डोळे अधू होत गेले तसं त्याचं काम बोटांवर आलं. शेवटच्या वर्षांत तो काही पाहत नव्हता, फक्त हात फिरवायचा, आणि माझी राहून गेलेली चूक त्याच्या हाताला पहिली लागायची.

मग पलटणीने बायकांना दारं उघडली. सभेत कोठीवाला कोण, हा विषय निघाला तेव्हा ऑरिन उठला आणि माझं नाव घेतलं. कुणीतरी म्हणालं, पण ती नाटकवाली. तो म्हणाला, "ती प्रत्येक गोष्ट दोनदा उलटून बघते. का बघते ते तिला माहीत आहे." आणि खाली बसला. किल्ली माझ्याकडे आली, पण ते वाक्य मात्र तोच म्हणत राहिला. काठी टेकत पुढे यायचा. मला ते अजून म्हणवणार नाही, हे त्याला कळत असावं.

त्र्याऐंशीच्या मे महिन्यात तो अंथरुणाला खिळला. छाती भरली होती. हजेरी तीन आठवड्यांवर. डॉक्टर म्हणाले, जूनपर्यंत कठीण आहे. या वर्षी ते वाक्य मलाच म्हणावं लागणार होतं. रविवारी दुपारी मी नियम मोडला. सतरा नंबरची पेटी उचलून त्याच्या घरी नेली. खिडकीतून खाडीचा उजेड येत होता, बाहेर कुणीतरी बोटीचा तळ खरवडत होतं. मी त्याच्या पांघरुणावर पांढरं कापड पसरलं आणि हजेरीला मांडतात तसं सगळं मांडलं. टोपी, काडतूसपेटी, म्यान, पाणपात्र, सुई, ब्रश. शेवटी पट्ट्यांची फुली, आणि तिच्यावर बिल्ला. डोळे भरले होते, चाचपडत त्याच्या खिट्या भोकांत घातल्या.

"मांडलं," मी म्हणाले. "साहित्य कुणाचं, विचारा मला. आत्ता म्हणून बघते."

त्याने विचारलं नाही. हात पुढे केला, मी तो धरून कापडावर ठेवला. बोटं टोपीवरून गेली, ब्रशाचे केस चाचपले, सुई सापडली. मग बिल्ल्याची कड उचलून त्याच्या पाठीवर गेली. अंगठा फिरला, थांबला, परत फिरला. ओठाच्या कोपऱ्यात, जिथे पाइप असायचा तिथे, जरासं हसू आलं.

"तिसरी," तो म्हणाला, "मासा पाठीवर पोहतोय. सरळ कर."